पाइप क्लीनर: स्वस्त कोणते आणि नुसतेच स्वस्त कोणते

आधी निकाल सांगून टाकतो. तंबाखू ओढायच्या पाइपच्या रोजच्या साफसफाईला साधे, पांढरे, सुती क्लीनर, म्हणजे तारेच्या पिळात सूत बसवलेल्या काड्या, शंभराच्या गठ्ठ्यात घ्यावेत. ताठ केसांच्या काड्यांचा एक छोटा पुडा जोडीला ठेवावा. स्टेशनरीच्या दुकानातल्या रंगीत काड्यांना मात्र पाइपजवळ फिरकू देऊ नये. मागच्या पावसाळ्याच्या आधीपासून हे सगळे प्रकार आलटून पालटून वापरतोय, त्यावरून हे मत झालंय. (तंबाखू पाइपमधली असली तरी घातकच. ज्यांच्याकडे पाइप आधीपासून आहे त्यांच्यापुरतंच हे लिहितोय.)

माझ्याकडे तीन पाइप आहेत: सरळ दांड्याचा ब्रायर (म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या लाकडाचा), आयर्लंडच्या पीटरसनचा वाकडा सिस्टिम पाइप आणि मिसुरी मिअरशम कंपनीचा मक्याच्या कणसाचा एक. तिघांच्या तीन तऱ्हा, त्यामुळे क्लीनरची परीक्षाही चांगली होते.

रंगीत काड्यांचं आधी सांगतो, कारण स्वस्त म्हणून हात पहिल्यांदा तिकडेच जातो. शाळेच्या प्रोजेक्टसाठी पोरं ज्यांची फुलं-फुलपाखरं करतात त्या ह्या काड्या. दिसायला हुबेहूब क्लीनर, किंमत जवळपास चौथाई. पण त्यांची लव सुती नसते, पॉलिस्टरची असते. शँकमध्ये, म्हणजे पाइपच्या दांड्याच्या नळीत, साचलेलं काळपट पाणी ती शोषून घेत नाही, इकडचं तिकडे फासते. काडी बाहेर येते ती जवळजवळ कोरडी, आणि ओढताना गुडगुड चालूच. वर तिचे तंतू सुटतात. एकदा लाल लवेचा एक धागा स्टेमच्या (तोंडात धरायच्या, सुट्या होणाऱ्या भागाच्या) फटीत अडकला, तो सुईने काढेपर्यंत नाकी नऊ आले. स्पिरिट लागलं की काहींचा रंगही उतरतो. ओठांत धरायच्या वस्तूत हे कोणाला हवंय?

पुड्यावर ‘कॉटन’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. एक काडी काढून टोकाची थोडी लव जाळून बघा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरगळणारी मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसून वितळतो, त्याची टणक गोळी होते. दुकानदारासमोर हे करता येत नाही, म्हणून आधी लहान पुडा घ्यायचा, घरी काडी पेटवायची आणि मगच मोठी ऑर्डर द्यायची.

आता सुती काड्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात स्टेडमन आणि एंजल या दोघांनी ही काडी काढली, पुढे ती बी. जे. लाँग कंपनीकडे गेली. त्यानंतर रचना फारशी बदललेली नाही: दोन तारांच्या पिळात सूत. माल चांगला की वाईट हे या पिळावरच ठरतं. मी घेतलेल्या एका बिननावाच्या गठ्ठ्यात पिळ इतका सैल होता की वाकड्या पाइपमध्ये काडी थोडी फिरवली की सूत आत आणि तार हातात. त्यामुळे काडी चिमटीत धरून दुसऱ्या हाताने सूत ओढून बघतो. चार तंतू आले तर चालतं, पुंजका आला तर गठ्ठा परत.

जाडीलाही महत्त्व आहे. जाड, गुबगुबीत काडी जास्त पाणी शोषते खरी, पण ओढता ओढता स्टेम न काढता आत घालायची असेल तर ती वळणावर अडते. गरम पाइपचा स्टेम काढायचा नसतो. सांधा सैल होतो, कधी शँकला तडाही जातो. म्हणून मधेच गुडगुड सुरू झाली तर स्टेम जागेवर ठेवूनच आत जाईल अशी बारीक काडी हवी. माझ्या ब्रायरमध्ये ती सरळ बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, तळापर्यंत पोहोचते, क्षणभर थांबायचं आणि काढून घ्यायची. टोकाशी गडद तपकिरी, वर फिकट होत गेलेला चहाचा रंग. तेवढ्याने पाइप परत नीट ओढला जातो. पीटरसनला हे जमत नाही, त्याच्या शँकमध्ये पाणी साचायला मुद्दाम खड्डा ठेवलेला असतो. तो थंड होऊ द्यायचा, स्टेम काढायचा आणि काडी दुहेरी मुडपून खड्डा टिपून घ्यायचा.

टोकाची उघडी तार आतल्या भोकाच्या कडा खरवडते, म्हणून घालण्याआधी टोक किंचित दुमडून घेतो. वाकड्या पाइपमध्ये दुमडलेलं टोक वळणावरून पुढेही बरं सरकतं.

ताठ केसांच्या काड्या महाग पडतात, पण रोज लागतच नाहीत. सुतात मधूनमधून नायलॉनचे राठ केस असतात, ते आत चिकटून बसलेला चिकटा खरवडतात. महिन्याभराने एकदा ब्रायरसाठी ही काडी रममध्ये बुडवून फिरवतो, आणि मागोमाग साध्या सुती काड्या घालत राहतो, शेवटची पांढरी निघेपर्यंत. रम बाऊलच्या बाहेरच्या पॉलिशला लागू द्यायची नाही, डाग पडतो. अॅक्रिलिकच्या स्टेमला मी दारू लावत नाही, बारीक तडे जायची भीती असते. तिथे पाण्याने ओलावलेली काडी पुरते. कणसाच्या पाइपला तर अगदी बेताचा ओलावा, कारण त्याचा दांडा डिंकाने चिकटवलेला असतो. कपाटातली रमची बाटली पाइप धुवायला आहे यावर आमच्या घरी कोणाचाही विश्वास नाही, हा त्यातला वेगळाच खर्च.

स्टेम जिथे शँकमध्ये बसतो ती खाच पाइप क्लीनरने नीट साफ होत नाही. तिथे कान साफ करायचे बड वापरतो. प्लास्टिकच्या काडीच्या बडवर 2022 च्या जुलैपासून बंदी आली. आता बांबूच्या काडीचे घ्यावेत, कागदी काडी स्पिरिटमध्ये भिजली की मान टाकते.

पैशाचं गणित काडीमागे करू नये, सफाईमागे करावं. रंगीत काड्या तीन-चार घालूनही नळी ओलीच राहायची. चांगल्या सुती काडीची दोन्ही टोकं वापरली की एकीत काम होतं. हिशेब केला तर सुती काडीच स्वस्त पडते. वापरलेल्या काड्या धुऊन परत वापरायचा प्रयोगही केला. तार गंजते, सूत चप्पट होतं, वास जात नाही. टाकून द्याव्यात, आणि लहान मुलं किंवा मांजर असेल तर झाकणाच्या डब्यात, कारण त्यात निकोटीन असतं.

पावसाळ्यात ठाण्यात शंभराचा गठ्ठा उघडा ठेवला की तारांना गंज चढतो आणि सुतावर नारिंगी ठिपके येतात. मी आता बिस्किटांच्या हवाबंद बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. जून ते सप्टेंबर पाइपही लवकर वाळत नाही, बुरशीचा वास धरतो. त्या दिवसांत ओढून झाल्यावर एक कोरडी काडी रात्रभर नळीतच राहू देतो, सकाळी काढून टाकतो. काड्या दुप्पट लागतात, त्यामुळे मोठी खरेदी मे महिन्यातच उरकलेली बरी.

चर्चवॉर्डन नावाच्या लांब दांड्याच्या पाइपसाठी मात्र ह्या साडेसहा इंची काड्या तोकड्या पडतात. त्यांच्यासाठी बारा इंची काड्या बनतात, पण इथल्या दुकानांत मला अजून दिसलेल्या नाहीत. मित्राच्या चर्चवॉर्डनला तूर्तास दोन काड्या टोकाला टोक पिळून घालतो. पिळाचा सांधा नळीत अडकू नये म्हणून दोन्ही टोकांवरचं सूत आधी कात्रीने उडवायचं आणि नुसत्या तारा एकमेकींभोवती गुंडाळायच्या.