गाडीची शेकोटी: फेअरबँक्समध्ये ब्लॉक हीटर एक अख्खा हिवाळा वापरल्यावर

मी मूळची निफाडची. पारा चार-पाच अंशांवर उतरला की आमच्याकडे पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीने मणी तडकले की वर्षाची मेहनत गेली. गेल्या सप्टेंबरात नोकरीसाठी अलास्कातल्या फेअरबँक्सला आले. इथे शेकोटी गाडीलाही लागते, हे शेजारच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. घर नंतर लाव, आधी गाडीचं बघ, असं ते म्हणाले आणि ते अगदी खरं ठरलं.

इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबत असतो. मी ऑक्टोबरमध्ये माझ्या सेकंडहँड गाडीला तीन गोष्टी बसवून घेतल्या: इंजिनच्या कूलंटमध्ये (म्हणजे इंजिनभोवती फिरणाऱ्या द्रवात) बुडणारा ४०० वॅटचा ब्लॉक हीटर, इंजिन ऑइल साठतं त्या ऑइल पॅनला खालून चिकटवलेला १२५ वॅटचा गरम होणारा पॅड आणि बॅटरीला ऊब देणारी ७५ वॅटची गादी. तिन्हींच्या वायरी एकत्र येऊन बाहेर एकच प्लग. मजुरी धरून साधारण ५०० डॉलर झाले.

तिन्ही कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. जानेवारीत आपल्याकडे खोबरेल तेल थिजतं, तसं इंजिन ऑइल कडक थंडीत दाट होतं आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद उतरलेली असते. उणे १८ अंशांना ती निम्म्यावर येते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे दहाच्या आसपासच गोठते. म्हणून नुसतं इंजिन गरम करून भागत नाही.

नोव्हेंबरभर काही त्रास नव्हता. उणे २० - २५ ला गाडी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची. डिसेंबरच्या मध्यावर एका पहाटे उणे ३८ होतं आणि रात्रभर प्लग लावलेला असूनही गाडी नुसती कण्हत राहिली. साडेपाचची वेळ, आणि त्या दिवसांत इथे सूर्य जेमतेम पावणेचार तास दिसतो, म्हणजे मिट्ट काळोख. शेजारचे आजोबा एक छोटा वॅटमीटर घेऊन आले. भिंतीच्या सॉकेटमध्ये तो लावला, त्यात गाडीची वायर लावली. आकडा आला २००.

६०० यायला हवा होता. म्हणजे पॅड आणि गादी चालू होती, मुख्य हीटर बंद. बोनेटवर हात ठेवून हे कळत नाही, आणि प्लग लावला आहे म्हणून आपण निश्चिंत असतो. नंतर कळलं की हीटरच्या टोकाशी असलेला जोड बसवतानाच पूर्ण आत दाबलेला नव्हता, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तो सैल झाला. गॅरेजवाल्याने जोड नीट बसवून दिला, पण दोन दिवस माझी कामावर जायची पंचाईत झाली ती झालीच. त्या दिवसापासून मी स्वतःचा वॅटमीटर घेतला आहे आणि रोज आकडा बघते. हा सेट घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते, की बसवून झाल्यावर गॅरेजमधून निघण्याआधी किती वॅट ओढतोय ते मोजून घ्या. मल्टीमीटर असेल तर ४०० वॅटच्या हीटरचा रोध इथल्या १२० व्होल्टच्या हिशेबाने ३६ ओहमच्या आसपास दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट एक्स्टेंशनच्या वायरीची. पहिली मी स्वस्त नारिंगी घेतली. उणे ३५ ला ती काठीसारखी ताठ झाली आणि जानेवारीत तिच्या वरच्या आवरणाला भेगा पडल्या. बर्फात उघडी तार म्हणजे जिवाशी खेळ, तेव्हा ती टाकूनच दिली. कडक थंडीसाठीची म्हणून वेगळी जाड वायर मिळते, ती उणे ४० लाही गुंडाळता येते. महाग आहे, पण इथे काटकसर करू नका. निघताना वायर काढायचं विसरू नये म्हणून मी तिचा एक वेढा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला घालते.

टायमर लावून निघण्याआधी तीन तास वीज सुरू करते. ६०० वॅट गुणिले तीन म्हणजे १.८ युनिट, माझ्या बिलात अर्ध्या डॉलरच्या आसपास. रात्रभर चालू ठेवून काही वेगळा फायदा दिसला नाही. गाडी नुसती चालू ठेवून तापवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हे गाव खोलगट जागेत आहे, हिवाळ्यात गार हवा खाली साचते आणि धूर वर जात नाही. फार थंडीत गाड्यांच्या धुरातली वाफसुद्धा गोठून बर्फाचं धुकं होतं, समोरचे दिवे पुसट दिसतात. तेव्हा थंड इंजिनाचा जादा धूर त्यात कशाला घालायचा?

या सेटने काय होत नाही तेही सांगते. टायर रात्रभर एका जागी राहून खालून चपटे होतात, पहिला अर्धा किलोमीटर गाडी धडधडत जाते. सीट लाकडासारखी कडक असते. काचेवर गरम पाणी ओतायचा मोह होतो, ओतू नका, तडकते. कूलंटही तपासून घ्या: पाणी आणि ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव) यांचं निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंतच टिकतं, म्हणून मी ६० टक्के ग्लायकॉलचं करून घेतलं. पण त्याहून फार वाढवूही नका, कारण निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. आणि डिकीत स्लीपिंग बॅग, जादा हातमोजे, टॉर्च असू द्या. हीटर गाडी सुरू करून देतो, रस्त्यात बंद पडली तर तो कामाचा नाही.

फोनवर बाबा रोज विचारायचे, किती आहे आज, आणि कुठल्या मापात. उणे ४० च्या दिवशी सांगणं सोपं गेलं, तिथे सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच. हीटरचं समजावल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पहाटे उठून बागेत शेकोटी लावायची, तसंच की."

एप्रिल लागलाय. दिवस लांबलेत, पण पहाटे अजून उणे दहा असतं, तेव्हा वायर आरशावरच आहे. आज सकाळचा आकडा ५९२.