पावस ते मालवण, छोट्या गाडीतून: टूर करून काही महिने झाल्यावरचा अनुभव

टूरवरून आल्या आल्या लिहिलेले रिव्ह्यू वाचून मला कधीच काही कळत नाही, तेव्हा एकतर सगळंच भारी वाटत असतं नाहीतर एसी बंद पडला म्हणून एक स्टार दिलेला असतो. म्हणून मुद्दाम थांबले. जानेवारीच्या शेवटी मी, आई आणि मावशी अशा तिघी पुण्याहून छोट्या ग्रुपच्या टूरने कोकणात जाऊन आलो. तीन मुक्काम, १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, त्यात आम्ही १३ जण, एक गाईड, एक ड्रायव्हर. मग मे महिन्यात माझी बहीण त्याच लोकांबरोबर त्याच रूटवर गेली. आता गणपतीही होऊन गेले, तर दोन्ही अनुभव मिळून सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, असल्या टूर करणारे पुण्या-मुंबईत भरपूर आहेत आणि मला वाटतं बघायच्या गोष्टी सगळीकडे त्याच आहेत.

आधी एक सांगून टाकते, कोकण आम्हाला नवीन नाही. रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण हे सगळं आधी स्वतःच्या गाडीने झालेलं. पण स्वतःच्या गाडीने गेलं की चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर, बाकीच्यांचं मॅपवर, आणि शेवटी सगळे कंटाळून मुंबई-गोवा हायवेलाच लागतात. ४५ सीटरच्या मोठ्या बसचंही तेच, ती हायवे सोडून आत शिरूच शकत नाही. आमच्या टूरचा खरा माल होता पावसपासून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सागरी मार्ग, आणि त्या रस्त्याला ही छोटी गाडीच पाहिजे. दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, आंब्याच्या बागा, मधेच चढ, चढ संपला की उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि खाली एकदम समुद्र. समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि आमचा ड्रायव्हर कोकणातला असल्यामुळे कुठे थांबून वाट द्यायची हे त्याला एसटीचा आवाज यायच्या आधी कळायचं.

पहिला दिवस जवळजवळ पूर्ण प्रवासातच जातो हे लक्षात ठेवा. कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत पावसला पोचेपर्यंत अंधार पडला. पुणे-कोल्हापूर हायवेवर सहापदरीकरणाची कामं चालू होती, जागोजागी डायव्हर्जन, तिथे जो वेळ गेला तो गेलाच. प्रोग्रॅममध्ये "संध्याकाळी गणेशगुळे बीचवर सूर्यास्त" लिहिलं होतं, तो काही आम्हाला दिसला नाही, बहिणीलाही दिसला नाही. मग लिहिता कशाला?

दुसऱ्या दिवसासाठी मात्र मी पूर्ण पैसे परत एकदा देईन. सकाळी पूर्णगड. मुचकुंदी नदीच्या मुखावरचा छोटासा किल्ला, गावातल्या घरांच्या मधून पायऱ्या चढत जायचं, आत शिरल्यावर वाटतं एवढंच होय, आणि मग समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर आलं की पुढे सगळा अरबी समुद्रच. आई गुडघ्यामुळे खालीच मारुतीच्या देवळापाशी बसणार होती, पण गाईडदादा तिला म्हणाले, "मावशी, हळू चढा, समुद्र खंय पळान जाणा नाय." चढली. तेरा लोकांत एका माणसासाठी थांबता येतं, चाळीस लोकांत नाही, छोट्या ग्रुपचा अर्थ मला तिथे कळला.

पुढे पूल ओलांडून गावखडी, तिथलं सुरूचं बन आणि लांबलचक किनारा. तिथे कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले जातीची, गावातले लोक घरटी जपतात. आम्हाला कासव दिसलं नाही, आणि दाखवतो असं कोणी खोटं सांगितलंही नाही, हे मला आवडलं.

मग कशेळी. कनकादित्याचं देऊळ बऱ्याच जणांना माहीत असेल, सूर्याची काळ्या पाषाणातली मूर्ती, लाकडी जुनं काम. मूर्ती समुद्रातून आली, गलबत अडकलं तेव्हा नावाड्याने ती किनाऱ्याच्या कड्यातल्या गुहेत ठेवली, आणि कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला, अशी कथा गावात सांगतात. पण माझ्यासाठी कशेळी म्हणजे सड्यावरचं कातळशिल्प. जांभ्या कातळात कोरलेला हत्ती, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, म्हणजे आमची अख्खी गाडी त्याच्या पोटात मावली असती, आणि त्या हत्तीच्या आत आणखी कितीतरी प्राणी-पक्षी कोरलेले. कोणी कोरला, नक्की कधी, ते अजून ठरलेलं नाही. २०२२ मध्ये कोकणातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, मालवणजवळचं कुडोपी आणि हे कशेळी आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे रत्नागिरीकर मंडळींनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ही शोधलीत.

आता इथे गाईडचा फरक कसा पडतो बघा. कोरीव काम उथळ आहे, डोक्यावर ऊन आलं की रेषा दिसतच नाहीत. आमच्या गाईडने त्यासाठी नाश्ता लवकर उरकायला लावला, पूर्णगड पटकन केला आणि ऊन तिरपं असतानाच आम्हाला सड्यावर नेलं. रेषांच्या कडेला सावली पडते त्यामुळे सोंड, पाय, पोट सगळं वाचता येतं. बहिणीच्या ग्रुपला भर दुपारी बारानंतर नेलं, मे महिन्यात, सड्यावर झाडाचं एक पान नाही. तिचा फोटो बघितला तर नुसता तांबडा कातळ. ती म्हणते मला तर दगडच दिसला, आणि मी म्हणते टूरमधली सगळ्यात भारी गोष्ट ती होती, रूट एकच आणि पैसेही जवळपास तेवढेच.

आडिवऱ्याची महाकाली, नाटे, जैतापूरची खाडी हे सगळं पळत पळत झालं, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जैतापूरच्या पुलावर पाच मिनिटं उतरलो तेवढं छान होतं. वाघोटणची खाडी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा, आणि मग विजयदुर्ग.

विजयदुर्गावर गाईड लोकांची परीक्षाच होते. तिथे साहेबाचे कट्टे म्हणून चौथरे दाखवतात, आणि हेलियम इथेच सापडला असं अगदी छातीठोक सांगतात. बहिणीला तिच्या गाईडने तेच सांगितलं, वर लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ इथेच दुर्बीण लावून बसला होता असंही. आमच्या दादांनी नीट समजावून सांगितलं: १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, त्या ग्रहणात निरीक्षणं झाली, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना बघितली. पृथ्वीवर हेलियम हातात यायला १८९५ उजाडलं. ग्रुपमधले एक काका थोडे नाराज झाले, "मग इथे काहीच नाही का?" म्हणाले. अहो काका, किल्ला आहे ना! शिलाहार भोजाने बांधलेला, शिवाजी महाराजांनी घेऊन वाढवलेला, आंग्र्यांचं आरमार इथून निघायचं, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह जहाजं घेऊन आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार इथेच जळालं. तिहेरी तटबंदी, पाण्याखालची भिंत, पलीकडे गिर्येची गोदी. मला तर एवढं पुरलं. किल्ल्यावर दोन तास मिळाले, अजून एक हवा होता.

मुक्काम देवगडच्या पुढे, कुणकेश्वरजवळ, एका घरगुती ठिकाणी. खोल्या साध्या, बाथरूममध्ये गरम पाणी बादलीने, वायफाय म्हणाल तर विसरा. जेवण मात्र असं की मावशी अजून सांगत असते. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळ, भाकरी, सोलकढी, आणि शाकाहारी लोकांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. शाकाहारी लोकांना बटाट्याची भाजी देऊन गप्प करायचा प्रकार तिथे झाला नाही. दुसऱ्या दिवशी मालवणला "हॉटेलमध्ये लंच" होतं तिथे तो झाला, आणि थाळीचे वेगळे पैसे घेऊन झाला.

तिसरा दिवस म्हणजे मालवण, आणि इथे माझी मुख्य तक्रार. एका दिवसात कुणकेश्वर, आचरे, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली आणि देवबागचा संगम असं कोंबलंय. आचऱ्याला रामेश्वराचं देऊळ बघितलं आणि गावपळणीची गोष्ट ऐकली, ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. ऐकायला अजून आवडलं असतं पण "चला चला, बोट चुकेल".

सिंधुदुर्गाचं सांगायचं तर होडीत चढणं-उतरणं वयस्कर लोकांना सोपं नाही, होडी हलते, हात द्यायला माणूस लागतो. तो आमच्याकडे होता. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी, ४८ एकरांवर पसरलेला तट, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, महाराजांच्या हातापायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. हे सगळं बघायला होडीवाल्याने एक तास दिला. दाराच्या बुरुजाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, ती रचना समजून घेण्यातच आमची पंधरा मिनिटं गेली. तटावरून एक फेरीसुद्धा झाली नाही. एवढं करून संध्याकाळी देवबागला वॉटर स्पोर्ट्सच्या रांगेत दीड तास बसवून ठेवलं, ज्यांना काही करायचं नव्हतं ते नुसते बसून. तो वेळ किल्ल्याला देता आला असता हे मी फीडबॅकमध्ये लिहिलं, उत्तर आलं "नोटेड मॅडम".

बहिणीचं तर त्याहून वाईट. ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेली, तोपर्यंत पावसाळ्यासाठी होड्या बंद झाल्या होत्या. किल्ला जेट्टीवरून बघितला. बुकिंग घेताना कोणी सांगितलं नाही, पैसेही परत नाहीत, त्याऐवजी मालवणच्या बाजारात खाजं आणि काजू घ्यायला जास्त वेळ दिला. तेव्हा मेच्या शेवटी जाणार असाल तर होडी चालू आहे का हे आधी लेखी विचारा. आंबे मात्र तिला भरपूर मिळाले, आमच्या वेळी झाडांवर नुसता मोहोर होता.

चौथ्या दिवशी सकाळी तारकर्लीला आपणहून लवकर उठलात तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासळीचं जाळं, बघायला मिळू शकते, आम्हाला मिळाली, दोन्ही टोकांना माणसं दोर ओढतायत, आमच्यातले दोघं-तिघं हात लावायला गेले आणि पाच मिनिटांत दमले. मग परतीच्या वाटेवर कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, २०२१ मध्ये परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. जुन्या चित्रांची पोथी समोर धरून एकेक चित्र उलटत गोष्ट गायली जाते. हे प्रोग्रॅमच्या कागदावर शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं, आणि मला विचाराल तर पहिल्या ओळीत पाहिजे. नंतर फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर आणि रात्री खूप उशिरा पुणे. शेवटच्या सीटवर बसू नका, घाटात पोट ढवळतं आणि सामान पण तिथेच रचलेलं असतं. सीट रोज फिरवतात असं सांगतात पण तिसऱ्या दिवसानंतर कोणी उठत नाही.

आता इतके महिने गेल्यावर काय उरलं? व्हॉट्सॅप ग्रुप अजून चालू आहे, गुड मॉर्निंगचे फोटो येतात ते म्यूट करून ठेवलेत. पण कुणकेश्वरच्या त्या घरातल्या काकांचा नंबर मिळाला, एप्रिलमध्ये त्यांच्याकडून थेट पेट्या मागवल्या, आंबा खरंच देवगडचा होता आणि एकही खराब निघाला नाही. कोकमाचं आगळ संपलं, परत मागवलं. आईला विजयदुर्गातलं काही आठवत नाही, पूर्णगड आठवतो, कारण तो ती चढली. मला किल्ल्यांचे फोटो एकमेकांत मिसळल्यासारखे झालेत, कशेळीचा हत्ती मात्र नजरेसमोर येतो.

कोणी जावं? आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी जरूर, स्वतः गाडी चालवायचा कंटाळा असलेल्यांनीही. ज्यांना दिवसभर पाण्यात डुंबायचंय त्यांनी सरळ तारकर्लीला दोन दिवस खोली घ्यावी, ही टूर त्यांच्यासाठी नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बुकिंग करताना हॉटेल कोणतं हे विचारण्यात वेळ घालवू नका, गाईड कोण आहे ते विचारा, त्याचं गाव कोणतं ते विचारा, आणि कातळशिल्पं किती वाजता दाखवणार हेही. "सर मॅडम सगळं होईल" असं उत्तर आलं तर दुसऱ्याला फोन लावा. आम्ही आता डिसेंबरमध्ये दापोली-गुहागर बाजूच्या टूरला त्याच दादांबरोबर जायचं ठरवतोय, ते असतील तरच.