पाण्यातला ट्यूना, मेयोनीजला सुट्टी

चरबी कमी करायची म्हणून सँडविचसाठी तेलातला डबाबंद ट्यूना मासा सोडून पाण्यातला डबा आणला. पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं. भुसभुशीत, ओलसर आणि खारट. चूक माझीच, पाणी नीट निथळलंच नव्हतं. आता चाळणीत ओतून चमच्याच्या पाठीने दाबते, मग काट्याने मोकळा करते. खारटपणाही थोडा उतरतो.

मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात जवळपास १० ग्रॅम चरबी, तर पाण्यातल्या अख्ख्या डब्यात जेमतेम एक-दोन. मग त्यावर तीन चमचे मेयोनीज ओतून काय कमावलं? मी दोन चमचे घट्ट दही, अर्धा चमचा मस्टर्ड (मोहरीचा सॉस), लिंबू आणि भरपूर मिरी घालते. दही घट्टच हवं, नाहीतर ब्रेडचा लगदा होतो (झालाय, ऑफिसच्या डब्यात). बारीक चिरलेला कांदा आणि बिया काढलेली काकडी अगदी खाताना मिसळायची.

ॲव्होकॅडोनेही मऊपणा येतो, पण त्यात चरबी असतेच. टोमॅटोत परतून पाहिला, तर चामट झाला. दह्यातला मात्र घरात सगळ्यांनी पुन्हा मागितला. पाचपैकी चार तारे. एक कापला तो डबा उघडतानाच्या वासासाठी.