व्हाइटलिस्टच्या एका ओळीमुळे झालेली फसवणूक

आमच्या कार्यालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. एका जुन्या पुरवठादाराची बिले वारंवार स्पॅममध्ये जाऊ लागली, तेव्हा मूळ कारण न शोधता मी स्पॅमअसॅसिनच्या (नियमांनुसार प्रत्येक मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणाऱ्या फिल्टरच्या) सेटिंगमध्ये ‘व्हाइटलिस्ट_फ्रॉम’पुढे, म्हणजे विश्वासू प्रेषकांच्या यादीत, त्याचे संपूर्ण डोमेन लिहून टाकले. काही आठवड्यांनी त्याच्याच पत्त्यावरून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशी मेल आली, लेखा विभागाने नव्या खात्यात रक्कम भरली आणि खऱ्या पुरवठादाराने थकबाकीची आठवण करून दिली तेव्हाच सगळा प्रकार उघड झाला. पैसे परत मिळाले नाहीत.

मी त्या मेलचे पूर्ण हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती, उघडून वाचले. एसपीएफ तपासणी (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, हे पाहणारी) नापास झालेली होती, डीकेआयएम सही (डोमेनची डिजिटल सही) नव्हती आणि रिप्लाय-टूमध्ये, म्हणजे उत्तर जिथे जाते त्या जागी, भलत्याच डोमेनचा पत्ता होता. स्पॅम ठरण्याची मूळ मर्यादा 5 गुणांची असते. या मेलला इतर नियमांनी मिळून 7 गुण दिले होते, परंतु व्हाइटलिस्टचे उणे 100 गुण त्यात मिळाल्यामुळे बेरीज उणे 93 झाली आणि मेल थेट इनबॉक्समध्ये पोहोचली. फिल्टरने चोर ओळखला होता, माझ्या ओळीने त्याला सोडले, ही गोष्ट मला आजही बोचते. फ्रॉममध्ये, म्हणजे प्रेषकाच्या जागी, कोणाचाही पत्ता लिहिता येतो आणि व्हाइटलिस्ट_फ्रॉम तो केवळ जुळवून पाहते, त्याचा खरेपणा तपासत नाही.

बिले अडण्याचे खरे कारण तर वेगळेच निघाले. कर्मचारी नकोशा जाहिरातींबरोबर पुरवठादारांच्या मेलही स्पॅम फोल्डरमध्ये ढकलत होते आणि रोज रात्री त्याच फोल्डरवरून बेझ, म्हणजे मेलमधील शब्दांवरून स्पॅम ओळखणारा फिल्टरचा भाग, शिकत होते. परिणामी बिलांना बेझ_99 या (मेल जवळजवळ नक्की स्पॅम आहे असे बेझला वाटल्यास लागणाऱ्या) नियमाचे 3.5 गुण मिळत आणि किरकोळ नियमांची भर पडून मर्यादा ओलांडली जाई. त्या मेल वेचून एसए-लर्न या स्पॅमअसॅसिनच्याच शिकवणाऱ्या आज्ञेने ‘हॅम’ (स्पॅम नसलेली मेल) म्हणून पुन्हा शिकवल्यावर बिले व्हाइटलिस्टशिवाय येऊ लागली.

ज्यांच्या सेटिंगमध्ये अशी ओळ असेल, त्यांनी ती आजच काढावी. सूट देणे भागच असेल, तर एसपीएफ किंवा डीकेआयएम उत्तीर्ण झाल्यावरच लागू होणारे ‘व्हाइटलिस्ट_ऑथ’ वापरावे. मात्र पुरवठादाराचा मेलबॉक्सच चोराच्या हाती गेला, तर या तपासण्याही उत्तीर्ण होतात. म्हणून खाते बदलल्याची मेल आली की आता आमचा लेखा विभाग पूर्वीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करतो, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही.