खासगी शाळा ठरलीय, मग मनपा शाळेतही नाव घालायचं का?

सोलापुरात जून जवळ आला की हा प्रश्न घरोघरी. मनपा शाळेत आधीच नाव घातलं की जीव भांड्यात पडतो खरा. पण पुढे दाखला काढा, ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीतलं नाव हलवा, ही नसती कटकट. थेट खासगीत गेलात आणि तिथं जमलं नाही, तरी जोखीम वाटते तेवढी नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळा सत्र सुरू झाल्यावरही मुलाला घेते, दाखला उशिरा आला तरी. पुस्तकं, पोषण आहार मोफत. खासगीत मात्र जागा धरायला आधी पैसे मोजा, आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘फी परत मिळणार नाही’. तरी मी थेट खासगीच्याच बाजूचा. फक्त पात्र असाल तर आरटीईच्या (म्हणजे याच शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या) २५ टक्के जागांचा ऑनलाइन अर्ज भराच. तिथं मुदत टळली की लॉटरीतही नाव नाही.