काँक्रीटवर टाइल बसवताना चोरी होते ती टाइलच्या खाली

टाइल बसवून वर्षही झालं नव्हतं, आणि हॉलच्या मधल्या ओळीतल्या दोन टाइल एकमेकींना रेटत तंबूसारख्या वर आल्या. ठेकेदाराचं उत्तर तयार होतं: उष्णतेनं फुगल्या. उचकटल्यावर खरा प्रकार दिसला. ६० बाय ६० सेंटीमीटरच्या प्रत्येक टाइलखाली चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक असे अ‍ॅडहेसिव्हचे (टाइल चिकटवायच्या सिमेंटी मसाल्याचे) पाच गोळे, बाकी सगळी पोकळी. हे गोळेही टाइलबरोबर सहज सुटून वर आले, कारण खालच्या काँक्रीटवर जुना रंग तसाच होता. बिलात मात्र पृष्ठभाग घासणे, प्रायमर (पकडीसाठीचा पहिला हात) आणि अ‍ॅडहेसिव्ह या तिन्हींचे पूर्ण पैसे लावलेले होते, आणि ते वसूलही झाले होते.

उष्णतेनं टाइल थोडी प्रसरण पावते हे खरं आहे. पण नीट चिकटलेली टाइल तेवढ्यानं उचलत नाही. चिकटलेली नसते आणि भिंतीजवळ सरकायला जागा नसते, तेव्हाच ती वर येते.

आधी गोण्यांचा हिशोब मांडा. ४ बाय ५ मीटरची खोली म्हणजे २० चौरस मीटर. या मापाच्या टाइलला १० मिलिमीटर दातांची थापी लागते आणि टाइलच्या पाठीवरही अ‍ॅडहेसिव्हचा पातळ हात द्यावा लागतो. असं काम केलं तर चौरस मीटरला साधारण ५ किलो कोरी पावडर जाते. म्हणजे १०० किलोच्या आसपास, २० किलोच्या पाच गोण्या. दोन-तीन गोण्यांत खोली उरकली असेल तर गोळेच मारलेत असं धरून चला. गोण्या सीलबंद आल्या का ते पाहा, आणि रिकाम्या गोण्या काम संपेपर्यंत त्याच खोलीत ठेवून घ्या. दुसऱ्या कामावरच्या रिकाम्या गोण्या आणून आकडा भरून दाखवणारे आहेत.

गोणीवरची खूणही वाचा. आयएसओ १३००७ प्रमाणात सिमेंटी अ‍ॅडहेसिव्हचे सी१ आणि सी२ असे वर्ग आहेत. सी१ची पकड दर चौरस मिलिमीटरला किमान ०.५ न्यूटन, सी२ची किमान १ न्यूटन. पाणी जवळजवळ न शोषणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइलला सी२च हवं. दर सी२चा लावून सी१ वापरणं हा एक प्रकार. सी२च्या गोणीत साधं सिमेंट आणि रेती मिसळून ती पुरवणं हा त्याहून वाईट. घट्ट होत आलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो पातळ करतात, तेव्हा तिथल्या तिथे काम थांबवा. असा माल बादलीबाहेर टाकायचा असतो. जमिनीवर पसरलेल्या मालाला बोट लावून बघा: बोटाला काही लागलं नाही तर वर पापुद्रा धरलाय, त्यावर ठेवलेली टाइल चिकटणार नाही.

पण सर्वांत जास्त पैसे खाल्ले जातात ते काँक्रीटच्या तयारीत, कारण तिथं मेहनत आहे आणि पुरावा झाकला जातो. काँक्रीटवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. काही मिनिटांत मुरले तर ठीक. थेंब तसेच उभे राहिले तर रंग, तेल, मेण किंवा क्युरिंगचं रसायन वर आहे, आणि ते ग्राइंडरनं घासूनच काढावं लागतं. रंगावर नुसते टाचे मारून भागत नाही. टाच्यांच्या मधला रंग तिथंच राहतो. नखानं खरवडून पांढरी भुकटी निघाली तर तो कमजोर थरही काढायला हवा. ओल तपासायला अर्धा मीटर चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली पाणी धरलं असेल किंवा काँक्रीट काळवंडलं असेल तर थांबा. नवं काँक्रीट किमान २८ दिवसांचं हवं. मग २ मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तो खड्डा आधी लेव्हलिंग कंपाउंडनं भरून वाळवायचा. खड्डा अ‍ॅडहेसिव्हच्या जाड थरानं भरणं चूक, कारण जाड थर वाळताना आकसतो आणि टाइल खाली ओढली जाते.

टाइलची पेटीही तपासा. पाणी शोषण १० टक्क्यांहून जास्त असलेली टाइल भिंतीची असते. जमिनीवर तिचे टवके उडतात. सगळ्या पेट्यांवर शेड, बॅच आणि माप एकच हवं. मोजमापात वेस्टेज (कापताना वाया जाणारा भाग) मालात धरलं जातं, ते बसवण्याच्या मजुरीत पुन्हा धरू देऊ नका. २० चौरस मीटरला १० टक्के वेस्टेज धरून २२ चौरस मीटर माल येईल, मजुरी मात्र २०चीच.

कडेनं भिंतीलगत ६ ते १० मिलिमीटर फट मोकळी हवी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणूनच तिथं मोर्टार कोंबून वेळ वाचवतात. काँक्रीटमध्ये मुळात असलेला हालचालीचा सांधा (काँक्रीटला सरकायला ठेवलेली फट) टाइलमध्येही त्याच रेषेत वर यायला हवा आणि त्यात ग्राउट (टाइलांच्या सांध्यात भरायचा कडक मसाला) नाही, लवचिक सीलंट भरायचा. तो झाकून टाइल बसवली तर नेमक्या त्या रेषेवर तडा जातो.

काम चालू असतानाच, नुकती बसवलेली टाइल तुम्ही स्वतः निवडून उचलायला लावा. पाठीचा किमान ८० टक्के भाग माखलेला हवा, बाथरूम किंवा ओल्या जागी ९५ टक्के, आणि कोपरे पूर्ण. हे करारात लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता अ‍ॅडहेसिव्ह पक्कं वाळून प्रत्येक टाइल नाण्यानं वाजवून पाहिल्यावरच द्या. पोकळ वाजणाऱ्या टाइलवर खडूनं खूण करून फोटो काढा.

तक्रार केल्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सांध्यातून सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, सोडणं. त्यानं आवाज बंद होतो, पकड येत नाही. रंगावर किंवा धुळीवर पडलेली स्लरी तशीच सुटी राहते. टाइल काढून काँक्रीट घासून पुन्हा बसवणं एवढाच खरा इलाज आहे, आणि काढताना टाइलची पाठ व खालची जमीन एकाच फोटोत, मोजायची टेप लावून, घेऊन ठेवा.