एकच सिनेमा, पाच पडदे: तिकीट कुठलं काढायचं?

नवा मोठा सिनेमा लागला की तिकिटाच्या ॲपवर एकाच नावाखाली चार-पाच रांगा दिसतात: आयमॅक्स, डॉल्बी सिनेमा, थ्रीडी, साधा टूडी, कुठे हलत्या खुर्च्यांचा फोर-डीएक्स. शिवाय ‘थोडं थांबू, ओटीटीवर येईलच’ हा पर्याय असतोच. काही जण सगळ्यात महाग तिकीट तेच सगळ्यात चांगलं असं धरून चालतात. काही जण सगळे पडदे सारखेच म्हणून जवळचं थिएटर गाठतात. फसगत दोघांचीही होते, कारण योग्य पडदा सिनेमाप्रमाणे बदलतो. सिनेमा किती उंच चौकटीत टिपलाय, त्यात अंधार किती आहे आणि आवाज कसा बांधलाय, एवढं कळलं की निर्णय सोपा होतो. घाईही करावी लागते. मोठे पडदे एका सिनेमाकडे फार दिवस राहत नाहीत. पुढचा मोठा सिनेमा आला की आधीचा साध्या स्क्रीनवर जातो.

उंचीचा हिशोब

पडदा 10 मीटर रुंद आहे असं धरा. नेहमीच्या रुंद म्हणजे 2.39 गुणोत्तराच्या (रुंदी भागिले उंची; आकडा लहान तितकं चित्र उंच) चौकटीत चित्राची उंची साधारण 4.2 मीटर भरते. तेच चित्र बहुतेक डिजिटल आयमॅक्सच्या 1.90 चौकटीत 5.3 मीटर होतं आणि आयमॅक्सच्या मूळ 1.43 चौकटीत जवळजवळ 7 मीटर. रुंदी तेवढीच, उंची मात्र सुमारे दोन-तृतीयांशानं जास्त. ही जास्तीची उंची चित्र ताणून मिळत नाही. कॅमेऱ्यानं वर-खाली टिपलेला तो खरा भाग असतो आणि साध्या पडद्यासाठी तो कापलेला असतो.

‘ड्यून: पार्ट टू’ (2024) हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. आयमॅक्समध्ये त्याची चौकट कुठेही 1.90 पेक्षा आखूड होत नाही आणि काही भाग 1.43 पर्यंत उघडतो. साध्या थिएटरात तो 2.39 मध्ये लागला आणि घरच्या आवृत्तीतही 2.39 च आहे. म्हणजे ती उंची डिस्क घेऊनही मिळत नाही. वाळूच्या महाकाय किड्यावर नायक पॉल पहिल्यांदा स्वार होतो त्या प्रसंगात खाली वाळूचा लोंढा आणि वर आभाळ एकाच वेळी दिसायला हवं. रुंद पट्टीत दोन्ही अर्धवट राहतात. हा सिनेमा आयमॅक्समध्ये पुन्हा लागला तर दुसरा विचार न करता तिकीट काढावं.

‘सिनर्स’ (2025) दोन टोकांच्या चौकटी एकत्र वापरतो. बराचसा भाग अल्ट्रा पॅनाव्हिजन 70 मध्ये, म्हणजे 2.76 इतक्या लांबलचक पट्टीत आहे आणि निवडक प्रसंग आयमॅक्स फिल्मवर 1.43 मध्ये. आपल्या 10 मीटरच्या पडद्यावर चित्र 3.6 मीटरवरून 7 मीटरवर जातं, जवळजवळ दुप्पट. 1932 च्या मिसिसिपीत ब्लूज चालू असताना भूतकाळातले आणि भविष्यातले वादक त्याच खोलीत नाचू लागतात, तेव्हा ही चौकट उघडते. अलीकडच्या सिनेमांत चौकट बदलण्याचा याहून अर्थपूर्ण वापर मला दुसरा दिसत नाही. साध्या स्क्रीनवर सगळाच सिनेमा पट्टीत राहतो आणि तो प्रसंग नुसताच एक चांगलं गाणं होऊन जातो. चुकला असेल तर फोर-के डिस्क घ्या. तिच्यात चौकट 2.76 वरून टीव्ही भरेल इतकी, म्हणजे 1.78 पर्यंत उघडते. पूर्ण उंची नाही, पण दिग्दर्शकाला काय म्हणायचंय ते कळतं.

‘ओपनहायमर’च्या (2023) डिस्कवरही चौकट 2.20 आणि 1.78 मध्ये बदलते. तीन तासांत बराच वेळ माणसं खोलीत बसून बोलतात, त्यामुळे घरी त्यातलं ‘ड्यून’पेक्षा पुष्कळ कमी हरवतं. हरवते ती मुख्यतः चाचणी-स्फोटानंतरची शांतता. भरलेल्या थिएटरात सगळे श्वास रोखून बसलेले असतात आणि मग तो धक्का येतो. हे घरच्या खोलीत होत नाही.

आता उलट बाजू. ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ (2025) बहुतांश व्हिस्टाव्हिजनवर आहे, म्हणजे 35 मिमी फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते आणि नेहमीपेक्षा मोठी चौकट मिळते. साध्या थिएटरात तो 1.85 मध्ये दाखवला गेला. डिजिटल आयमॅक्सचं 1.90 त्याहून किंचित आखूडच आहे! तिथे चित्र आकारानं मोठं मिळतं, पण चौकटीत जास्तीचं काहीच मिळत नाही. 1.43 चा पडदा हाताशी असेल तर जरूर जा. शेवटचा चढ-उतारांच्या रस्त्यावरचा पाठलाग तिथे पोटात गोळा आणतो. नसेल, तर चांगल्या प्रकाशाचा साधा पडदा निवडलात तरी काही गमावत नाही.

कुठलं आयमॅक्स?

पाटीवर एकच नाव असलं तरी आत यंत्रं वेगवेगळी असतात. जुन्या झेनॉन दिव्याच्या टूके (फोर-केपेक्षा कमी बारकाव्याच्या) प्रोजेक्टरांची जोडी, एका लेझर प्रोजेक्टरचं फोर-के, दोन लेझर प्रोजेक्टरचं फोर-के आणि अगदी थोड्या ठिकाणी उरलेली 15 छिद्रांची 70 मिमी फिल्म. 1.43 ची उंची फक्त शेवटच्या दोन प्रकारांत मिळते. ‘लेझर’ हा शब्द एका आणि दोन प्रोजेक्टरच्या हॉललाही लावतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. पडद्याचा फोटो शोधा. तो चौकोनाकडे झुकत असेल तर 1.43 आणि उभट न वाटता आडवा पसरलेला असेल तर 1.90.

दुसरी खूणगाठ अशी: ‘आयमॅक्ससाठी चित्रित’ आणि नुसतं ‘आयमॅक्समध्ये’ यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात 2.39 चा सिनेमा मोठ्या पडद्यावर टाकतात आणि वर-खाली काळे पट्टे राहतात. अशा वेळी त्याच पैशांत डॉल्बी सिनेमा मिळत असेल तर मी डोळे मिटून तिकडे जाईन.

अंधार आणि आवाज: डॉल्बी सिनेमा

डॉल्बीचं बळ काळ्या रंगात आहे. साध्या झेनॉन प्रोजेक्टरवर काळं म्हणजे राखाडी. सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या बिंदूंतला फरक तिथे साधारण 2000 पटींचा. डॉल्बीच्या दुहेरी लेझरचा दावा 10 लाख पटींचा आहे. प्रकाशही सव्वादोन पट: प्रमाणित टूडीचा 14 फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं एकक), डॉल्बीचा 31.

‘नॉस्फेराटू’ (2024) घ्या. 35 मिमी फिल्म, 1.66 ची चौकट, मेणबत्तीचा उजेड आणि रंग जवळजवळ पुसून टाकलेल्या रात्री. अंधुक झेनॉनवर त्या रात्रींचा चिखल होतो आणि कोपऱ्यातली सावली कुठे संपते, माणूस कुठे सुरू होतो ते कळत नाही. भीती तर त्या सीमेवरच आहे. अशा सिनेमाला पडद्याची उंची नको, खरा काळोख हवा.

आवाजात आयमॅक्स आणि डॉल्बी यांची रीत वेगळी. लेझर आयमॅक्सचा आवाज 12 चॅनलचा. त्याचा खर्ज छातीत बसतो. डॉल्बीच्या ॲटमॉस ध्वनिपद्धतीत 128 पर्यंत ध्वनिपट आणि 64 पर्यंत स्वतंत्र स्पीकर, त्यामुळे पाऊस डोक्यावर पडतो आणि पावलं मागून येतात. खुर्ची मधल्या रांगांच्या थोडी मागे, हॉलच्या साधारण दोन-तृतीयांश खोलीवर आणि मध्यावर घ्या. आवाजाची जुळणी बहुधा त्याच भागातून करतात. साध्या पडद्यापासून त्याच्या रुंदीच्या साधारण 1.4 पट अंतरावर बसलात तर चित्र 40 अंशांचा कोन भरतं. 1.43 च्या आयमॅक्समध्ये मात्र मागचा एक-तृतीयांश भागच बरा, नाहीतर मान दुखते आणि वरची चौकट बघायची राहून जाते.

थ्रीडी

इथे माझं मत ठाम आहे: दोन कॅमेऱ्यांनी मुळातच थ्रीडीत टिपलेला सिनेमा असेल तरच. ‘अवतार’ मालिका तशी आहे. ‘अवतार: फायर अँड ॲश’ (2025) टूडीत पाहणं म्हणजे अर्धं काम सोडून देणं. नंतर संगणकावर थ्रीडी केलेल्या बहुतेक सिनेमांत खोली कमी आणि अंधार जास्त मिळतो, कारण फिल्टर आणि चष्मा मिळून प्रकाशाचा मोठा वाटा खातात. साध्या हॉलमध्ये थ्रीडीचा उजेड टूडीच्या एक-तृतीयांशावर येणं नेहमीचंच. म्हणून ‘अवतार’सुद्धा लेझर प्रोजेक्टरवरच पाहा. त्याचे काही प्रसंग सेकंदाला 48 चौकटींचे आहेत. हालचाल टीव्हीसारखी गुळगुळीत वाटली तर तो बिघाड नाही. सव्वातीन तासांहून थोडा जास्त चष्मा डोळ्यांवर राहणार आहे, तेव्हा नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी वरून नीट बसणारी जोडी आधीच मागून घ्यावी.

फोर-डीएक्स पहिल्या पाहण्यासाठी नको. खुर्ची हलली की नजर चेहऱ्यांवरून सुटते.

लहान सिनेमे: साधी स्क्रीन की घर?

‘अनोरा’ (2024) मध्ये इंग्रजी आणि रशियनमध्ये चार-चार माणसं एकमेकांवर ओरडतात. साध्या थिएटरात हे आवाज डावी-उजवी-मध्य असे वेगळे राहतात आणि गोंधळातला विनोद पोचतो. टीव्हीच्या दोन स्पीकरवर त्याचा नुसता कलकलाट होतो. शिवाय हसणाऱ्या लोकांत हा सिनेमा जास्त खुलतो आणि शेवट जास्त लागतो. ‘कॉन्क्लेव्ह’ (2024) घरी चालतो. तो चेहऱ्यांचा आणि कुजबुजीचा आहे, खोली मात्र शांत हवी. लॅटव्हियाचा ‘फ्लो’ (2024) 85 मिनिटांचा, संवाद नसलेला; मुलांसोबत घरी पाहायला उत्तम, चांगल्या हेडफोनवर तर पाण्याचे आवाज फारच सुरेख.

‘द ब्रुटलिस्ट’ (2024) बद्दल मात्र माझा आग्रह थिएटरचा. लांबी 215 मिनिटं, पण त्यात 15 मिनिटांचं मध्यांतर सिनेमाचाच भाग म्हणून आहे. घरी लोक तो दोन रात्रींत तोडून पाहतात आणि पहिल्या भागाचा भार दुसऱ्यावर पडतच नाही. घरीच पाहायचा असेल तर फक्त त्या 15 मिनिटांतच उठा.

घरी पाहताना

55 इंची टीव्हीची रुंदी साधारण 122 सेंटिमीटर. त्यावर ‘सिनर्स’ची 2.76 ची पट्टी जेमतेम 44 सेंटिमीटर उंच भरते. साडेतीन मीटरवरच्या सोफ्यावरून तिच्यातले चेहरे चिमुकले दिसतात. कर्णाच्या 1.2 ते 1.6 पट अंतर ठेवा, म्हणजे 55 इंचांना 1.7 ते 2.2 मीटर. सोफा हलत नसेल तर खुर्ची पुढे घ्या.

थिएटरातल्या डिजिटल प्रतीला सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत माहितीची मुभा असते, फोर-के डिस्कला 128 पर्यंत, स्ट्रीमिंगला मात्र साधारण 15 ते 25. माहिती दाबून लहान करण्याची (कॉम्प्रेशनची) पद्धत वेगळी असल्यानं हे आकडे सरळ भागता येत नाहीत, पण धुकं, धूळ आणि अंधाऱ्या भिंतींवर फरक उघड दिसतो: पट्टे आणि ठोकळे उमटतात. ‘नॉस्फेराटू’ किंवा ‘ड्यून’ घरी पाहायचा तर डिस्कच.

टीव्हीवर दिग्दर्शकाला हवं तसं चित्र दाखवणारा ‘फिल्ममेकर मोड’ लावा. तो नसेल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग हातानं बंद करा. संवाद ऐकू येत नसतील तर आवाज वाढवत बसू नका. 5.1 म्हणजे सहा चॅनलचा ध्वनिपट टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबला की मधल्या चॅनलचे संवाद संगीताखाली दबतात. ॲपमध्ये स्टिरिओ ध्वनिपट असेल तर तो निवडा किंवा स्वतंत्र मधला स्पीकर असलेला साउंडबार घ्या. मोठे आवाज दाबणारा रात्रीचा मोड संवाद वर आणतो, पण ‘ओपनहायमर’च्या धक्क्याची हवा काढून टाकतो.

हॉलमध्ये काय बिघडतं

टूडी शोमध्ये चित्र मळकट, ट्रेलरमधलं पांढरंही करडं दिसत असेल तर बऱ्याचदा आधीच्या थ्रीडी शोचा फिल्टर प्रोजेक्टरपुढेच राहिलेला असतो. मध्ये उजळ आणि कडेला काळवंडलेलं दिसलं तर पडदा थ्रीडीसाठीचा चंदेरी आहे. अशा हॉलमध्ये कडेची सीट घेऊच नका. चारही बाजूंनी काळं आणि मध्ये छोटं चित्र, किंवा नावं कडेला कापलेली, म्हणजे ‘स्कोप’ (2.39 ची चौकट) आणि ‘फ्लॅट’ (1.85 ची) या सेटिंगची अदलाबदल झालीय. संवाद दबलेले वाटले तर आवाजाचा आकडा 7 या प्रमाण खुणेपेक्षा बराच खाली ठेवलेला असतो, कारण आधीच्या कुठल्या तरी शोला कुणीतरी मोठ्या आवाजाची तक्रार केलेली असते.

यातलं काहीही दिसलं तर पहिल्या दहा मिनिटांत ड्यूटी मॅनेजरला गाठा आणि नेमकं सांगा: ‘थ्रीडी फिल्टर बघा’, ‘स्कोप-फ्लॅट बघा’. ‘चित्र बरोबर नाही’ एवढंच सांगितलं तर माणूस दारातून डोकावून परत जातो. फिल्टर काढणं, सेटिंग बदलणं किंवा आवाज वाढवणं ही शो चालू असताना होणारी कामं आहेत. झेनॉन दिवा जुना होऊन मंदावला असेल तर मात्र त्या शोपुरतं काहीच होत नाही; मध्यांतराची वाट न पाहता दुसऱ्या स्क्रीनचा शो बदलून मागा.